कुंकू लावलेली डिस्क

निलंगा, सोमवार, संध्याकाळ

"ग्रंथपालांनो, आपल्याला संगणक दिले, सांभाळायला कुणी शिकवलं नाही!" लातूरच्या उद्याच्या सभेसाठी एवढं लिहिलं आणि थांबलो. भाषणाला हवा तो राग येतच नाही.

मी चिटणीस आहे त्या वाचनालयाचा संगणक आज बंद पडला. बॅकअपची डिस्क काढली. दर दसऱ्याला तिला कुंकू लावत आलो. कधी उघडून पाहिली का? सगळ्या फायली रिकाम्या. ग्रंथपाल सुलोचनाबाईंनी सहा वर्षं टाइप केलेली ग्रंथसूची गेली.

"सर, दर शनिवारी 'बॅकअप झाला' असं येत व्हतं की. अन् पुस्तकांच्या नोंदींची जुनी कार्डं रद्दीत घाला म्हणून भाषण तुम्हीच ठोकलं व्हतं," सुलोचनाबाई म्हणाल्या.

खरं आहे. बोटांना अजून ते कुंकू आहे.

उद्या एवढंच सांगायचं: सभेतून परत गेलात की आपला बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवा आणि त्यातली एक तरी नोंद उघडून वाचा.