एका बादलीला सेहेचाळीस मिनिटं

कुंभारवाडा, तालुका जोयडा
रविवार, दुपारचा चहा झाल्यावर

ती. सुशीलावन्संना वाकून नमस्कार. (ही रीत झाली. माझं वाकणं हल्ली अर्ध्यावरच थांबतं, तेवढं गोड मानून घे. यापुढे तू माझ्या वर्गातली सुशीच.) दमा कसा आहे? पंप वेळेवर ओढतेस ना, की पर्समध्ये ठेवून विसरतेस? इकडे बरं आहे. तुझ्या माहेरच्या फणसाला यंदा अगदी बुंध्यापासून कुयऱ्या लागल्यात. तुझ्या भावाने लावलेलं झाड, त्याच्यासारखंच खालच्या आवाजात सगळं करतं.

तू बेळगावहून पाठवलेली पाणी तापवायची कांडी पोचली. रामनगरपासून कंडक्टरने ती मांडीवर घेऊन आणली, म्हणजे तिचा प्रवास तुझ्या-माझ्यापेक्षा सुखाचा झाला. हे गेल्यापासून तीन वर्षं तू इथे पाऊल टाकलं नाहीस. न्हाणीतल्या हांड्याखालच्या चुलीचा धूर तुला सोसत नाही आणि डॉक्टरांनी बजावलंय, हे मला कळतं. उळवीच्या जत्रेला येईन, पण पाणी धुराशिवाय तापलं पाहिजे, ही तुझी अटही मला मान्य. म्हणून कांडी बादलीत घालण्याआधी मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. सिस्टर बेनेडिक्टांनी आपल्याला एवढं शिकवलं, ते काय फक्त तूच वापरायचं?

कांडीवर लिहिलंय दोनशे तीस व्होल्ट, दोन हजार वॅट. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर, म्हणजे आठ पूर्णांक सात. (एकक लिहिलंय, बघ. याच एककापायी सहामाहीत माझा एक मार्क गेला होता आणि तू दिवसभर मिरवत होतीस.) मग आपला वासू वायरमन त्याचं मीटर घेऊन आला. प्लगमध्ये काड्या घालून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, करंट हाय, पर दम न्हाई. एकशेचाळीस व्होल्ट." सकाळी शिवानंदची पिठाची गिरण चालू असते तेव्हा आमच्याकडे विजेला अशीच धाप लागते. (तुझं आणि तिचं जमेल.) मी एकशेचाळीस गुणिले आठ पूर्णांक सात केलं. बाराशे अठरा वॅट! तुझ्याकडे बादली सतरा मिनिटांत तापते, तर इथे अठ्ठावीस. मी वासूला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, गिरणीत दळण द्यायला गेले तेव्हा रांगेतल्या सगळ्यांना सांगितलं.

अठ्ठावीस मिनिटांनी प्लग काढून (वासूने तशी शपथच घातलीय) कोपर बुडवलं, तर पाणी जेमतेम कोमट. वासूने बोट घालून बघितलं आणि म्हणाला, "ह्यात म्हस बी उतरायची न्हाई, बाई." पाणी मनासारखं व्हायला सेहेचाळीस मिनिटं लागली. मला फार लागलं, सुशी. कांडीचं नव्हे, गणिताचं.

जेवण टाकून पुन्हा कागद घेतला. आणि तेव्हा सिस्टरांचा खडू दिसला, फळ्यावर टक टक करणारा: आधी बघा, बदलत काय नाही! मी अँपिअर तसेच धरले होते. पण व्होल्ट घटले की अँपिअरही घटणारच. बदलत नाही ती कांडीतली तार, तिचा अडथळा. दोनशे तीस भागिले आठ पूर्णांक सात, सव्वीस पूर्णांक चार ओहम. हा रेझिस्टन्स बेळगावातही तोच आणि कुंभारवाड्यातही तोच. (कांडीने पाठवणारीचा स्वभाव घेतलाय.) मग एकशेचाळीसला सव्वीस पूर्णांक चारने भागलं, पाच पूर्णांक तीन अँपिअर आले, आणि वॅट निघाले सातशे बेचाळीस. मिनिटं सेहेचाळीस. उत्तर जुळलं तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात हसले आणि मग जरा रडलेही, कारण दाखवायला समोर कोणी नव्हतं.

हे वासूने जाऊन गिरणीत सांगितलं. शिवानंद तुला लहानपणापासून सुशीअक्का म्हणतो. तो उठून माझ्या दारात आला. "अक्का येणार व्हय? मग गिरण बंद ठेवतो की. किती येळ?" काल त्याने ठेवून दाखवली. मीटर एकशेऐंशीवर गेलं, अँपिअर सहा पूर्णांक आठ, वॅट बाराशेच्या वर, आणि पाणी तापलं बरोबर अठ्ठावीस मिनिटांत! माझं चुकलेलं उत्तर त्याने गिरण बंद करून बरोबर केलं. आता गिरणीच्या दारावर त्याने खडूने लिहिलंय: 'जत्रेपर्यंत सकाळी सात ते साडेसात दळण नाही. सुशीअक्काची आंघोळ.' तू अजून आलीही नाहीस आणि वाडीभर भाकऱ्या तुझ्यामुळे उशिरा होतायत. तेव्हा आता येणं तुला चुकत नाही.

तुझी वहिनी (आणि आधीपासूनची बाकावरची शेजारीण),
राजेश्वरी

ता. क. चूल मी न्हाणीतून काढून मागे गोठ्यापलीकडे नेलीय. धूर आता घराकडे फिरकत नाही. म्हणजे कांडी नसती तरी चाललं असतं. हे तुला आधी कळवलं नाही, कारण मग गणित करायला निमित्त उरलं नसतं.

ता. क. दुसरं. एक विचारायचं होतं, त्यासाठीच खरं तर हे पत्र. पाणी तापेपर्यंत न्हाणीच्या पायरीवर दोघींनी बसायचं, दुसरं काम नाही. अठ्ठावीस मिनिटांत तुझ्या सुनेचंसुद्धा सगळं सांगून व्हायचं नाही. शिवानंदला गिरण चालूच ठेव म्हणून सांगू का?