टेप डेकनेच खाल्ली

२ नोव्हेंबर, सकाळ ७.१०
आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे. दादा सोळा तारखेला कायमचा लेकीकडे राहायला जातोय.
ही बातमी त्याने दिली नाही. सहा वर्षं आमचं बोलणं नाही. तो तळमजल्यावर, मी दुसऱ्या मजल्यावर, मध्ये दोन जिने आणि एक कॅसेट. वहिनीने बायकोला सांगितलं, बायकोने मला. शिवाय वहिनी विचारत होती म्हणे, की स्टेशनवर जायला टॅक्सी सांगायची की भावजी सोडतील? मी म्हटलं, भावजी सोडतील. बायकोने माझ्याकडे पाहिलं. पंधरा वर्षांपूर्वी मी पोहायला शिकतो म्हणालो होतो, तेव्हा असंच पाहिलं होतं.
संकल्प: स्टेशनपर्यंतच्या पंचवीस मिनिटांत सहा वर्षांचा निकाल लावणे.

३ नोव्हेंबर
वस्तुस्थिती एकदा नोंदवून ठेवतो, म्हणजे घोळ नको. दादाच्या व्हायोलिनची एक कॅसेट होती. बोटं आखडायच्या आधी त्याने स्वतः वाजवून भरलेली. चाळीस मिनिटं. दुसरी प्रत नाही. गाडी तेव्हा दोघांत होती आणि कॅसेट गाडीत असायची. एक दिवस दादाने ती लावली, तर व्हायोलिनच्या जागी समासांवर व्याख्यान.
व्याख्यान माझ्या आवाजात होतं, हे मान्य. एवढ्यावरून माणसं तर्क लढवतात. मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो, टेप डेकने खाल्ली. या डेकचा तो स्वभावच आहे.
दादा काही बोलला नाही. गाडीची त्याच्याकडची किल्ली डॅशबोर्डवर ठेवली आणि गेला. तेव्हापासून गाडी माझी.

४ नोव्हेंबर
अडचण एकच. समोर दादा असला की माझी जीभ टाळूला चिकटते. वर्गात साठ जणांपुढे तासभर अस्खलित बोलणारा माणूस मी.
उपाय सुचला. भाचीने दिलेला खिशातला म्युझिक प्लेयर. त्यात गाणी मावतात, आणि आपण बोललेलंही रेकॉर्ड होतं. दोन मिनिटांचं निवेदन भरायचं, त्यामागे कुणाचं तरी उत्तम व्हायोलिन. गाडी सुरू झाली की बटण दाबायचं आणि रस्त्याकडे बघायचं. रस्त्याकडे बघत क्षमा मागणं सोपं असतं. क्षमा करणं, म्हणायचंय मला.
उरलं काय, तर प्लेयर गाडीच्या स्टिरिओला जोडणं. पंधरा मिनिटांचं काम.

५ नोव्हेंबर, सकाळ ९.४०
स्टिरिओ बावीस वर्षांचा आहे. वायर खुपसायला कुठेच भोक नाही. म्हणून कॅसेटच्या आकाराचं ते एक यंत्र मिळतं ते आणलं. त्याला शेपटीसारखी वायर असते, ती प्लेयरला लावायची. डेकने ते आत ओढलं. चावल्याचा आवाज. थुंकलं. पुन्हा दिलं. पुन्हा चावलं, थुंकलं. तिसऱ्यांदा आत घेतलं ते दिलंच नाही. वायर तेवढी बाहेर लोंबत राहिली, उंदीर गिळलेल्या मांजराच्या तोंडातून लोंबावी तशी.
गाडी बंद केली. किल्ली काढली. तरी आत काहीतरी फिरत होतं.

५ नोव्हेंबर, ११.००
सांडशीने काढलं. सांडशी वाकली. बायकोला सांगितलं, जुनीच होती.

७ नोव्हेंबर
कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेलो. बोलणारा माणूस, पण काम जाणतो. त्याने अंगठ्याएवढा ट्रान्समीटर दिला. हा सिगारेट लायटरच्या भोकात बसवायचा, वायर प्लेयरला लावायची. प्लेयरमधलं हा हवेत सोडतो आणि गाडीचा रेडिओ ते स्टेशन समजून पकडतो. रेडिओवर रिकामी जागा बघून लावा, म्हणाला. मी सांगितलं, जागा निवडायची सोय नाही. आमच्या रेडिओची स्टेशन दाखवणारी काडी बातम्यांच्या स्टेशनवर अडकली आहे. दादाने शेवटची फिरवली ती तिथेच, नंतर बटण हललेलं नाही. मग तिथेच लावा, म्हणाला, पण जपून. हा बारका असला तरी गाडीबाहेर दहा पावलांपर्यंत ऐकू जातो. जवळ कुणी तेच स्टेशन लावलं असेल, तर त्याच्या रेडिओत तुम्ही घुसाल.
मोजलं. गाडीपासून दादाच्या स्वयंपाकघराची खिडकी सात पावलांवर आहे. पण त्याचं-आपलं बोलणंच नाही, तेव्हा प्रश्न मिटला.

८ नोव्हेंबर, सकाळ ८.०५
यश! गाडीच्या काचा लावून मसुदा पहिला वाजवला. 'दादा, तुझ्या हट्टाला मी केव्हाच क्षमा केली आहे.' उच्चार स्पष्ट. स्वर भारदस्त. विशेष म्हणजे आवाजाला खोली आलीय, प्रत्येक शब्दामागे बाहेरून पुसटसा तोच शब्द पुन्हा. जुन्या स्टिरिओची ही मजा नव्यात नाही.
दादाच्या खिडकीत काहीतरी धातूचं पडलं. बहुधा झाकण.

९ नोव्हेंबर, सकाळ ८.०५
मसुदा दुसरा. यात त्याच्या मौनाला 'आत्मघातकी' म्हटलंय. जरा कडक आहे, पण औषध कडकच असतं. आवाजाची खोली कायम.
कालपासून डावा डोळा फडफडतोय. जागरण नाही, काही नाही. शास्त्रात याचा अर्थ दिलेला आहे. तो इथे लिहीत नाही.

१० नोव्हेंबर
बायकोने विचित्र बातमी आणली. दादाला आवाज ऐकू येतात. सकाळी आठच्या बातम्या लावल्या की मध्येच निवेदक बुडतो आणि कुणीतरी त्याला हट्टी म्हणतं. तो आवाज त्याला माझा वाटतो. काल कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला. कान ठणठणीत. डॉक्टरने झोप लागते का विचारलं, घरात आधी कुणाला असं झालं होतं का विचारलं. वहिनी सांगताना रडली म्हणे. लेकीलाही फोन केलाय.
याला पश्चात्ताप म्हणतात. सहा वर्षं दाबून ठेवला की असा कानावाटे फुटतो. बिचारा. मसुद्यात करुणा वाढवली पाहिजे.
बायकोला हे समजावून सांगितलं. ती भांडी आवरत होती ती तशीच उभी राहिली. मग विचारलं, की तुम्ही रोज आठला गाडीत जाऊन काय करता? मी म्हटलं, बॅटरी उतरू नये म्हणून बसतो.

११ नोव्हेंबर
मसुदा तिसरा, करुणेसह. 'काळाच्या ओघात टेपा पुसल्या जातात, दादा.' या वाक्यात कोणी पुसली हा प्रश्नच उभा राहत नाही. इतकी वर्षं संस्कृत शिकवल्याचं चीज झालं.
आज पूर्ण वाजवता आलं नाही. मध्यावर मान वर केली तर दादा खिडकीत. एका गालाला साबण, हातात वस्तरा, रेडिओ कानाला लावलेला. हलत नव्हता. माझ्याकडे बघतच नव्हता. कुठेच बघत नव्हता. माझ्या वाक्याबरोबर त्याचे ओठ हलत होते असं वाटलं. काचेवरच्या उजेडाने तसं दिसतं.
सीटवर आडवा झालो. दहा मिनिटं.

१२ नोव्हेंबर
दुरुस्तीवाल्याकडे गेलो, ट्रान्समीटर सैल बसतो म्हणून. तो सांगू लागला, काल एक गिऱ्हाईक आलं होतं. म्हातारे गृहस्थ, रेडिओ घेऊन. म्हणे यात भूत आहे आणि ते मला रोज सकाळी क्षमा करतं. आम्ही दोघंही हसलो. मग त्याने हसू आवरलं आणि मला विचारलं, गाडी कुठे लावता? मी म्हटलं, घराखालीच, भावाच्या खिडकीशी. त्याने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. पुन्हा घातला. माझा ट्रान्समीटर घट्ट करून दिला आणि दुकान बंद करायला लागला. सकाळचे अकरा वाजले होते.
कसली कसली माणसं या धंद्यात.

१३ नोव्हेंबर, सकाळ ८.००
तळमजल्यावर बदल दिसतो. खिडकी सताड उघडी. दादाने खुर्ची खिडकीशी आणली आहे, शेजारी वहिनीची. चहा. रेडिओ मध्ये. मोकळ्या हवेचं महत्त्व उशिरा का होईना पटलं.
मसुदा चौथा. 'आत्मघातकी' काढलं.
दाराशी माझ्या बायकोच्या चपलांसारख्या चपला दिसल्या. तसल्या चपला खूप जणी घालतात.

१४ नोव्हेंबर, सकाळ ८.२०
अनर्थ थोडक्यात टळला.
मसुदा पाचवा काल भरला. भरून झाल्यावर मी रेकॉर्डिंग बंद केलं असं समजत होतो. केलं नव्हतं. आज निवेदन छान संपलं, मी समाधानाने मान टेकली, आणि स्टिरिओतून माझाच उसासा आला. मग: 'पुसली बाबा मीच. घाईत. दुसरी कॅसेट नव्हती. आता हे त्याला सांगू कसं?'
आणि प्रत्येक शब्दामागे बाहेरून तोच शब्द, सावकाश, जुन्या माणसाच्या घरातून यावा तसा. आज ती खोली आवडली नाही.
मग खिडकीत रेडिओ बंद केल्याचा खट आवाज. नंतर काहीच नाही. भांडं नाही, नळ नाही. एवढ्या शांततेत मी या घराखाली कधी बसलो नव्हतो.
ते रेकॉर्डिंग ताबडतोब पुसलं. सुदैवाने गाडीत मी एकटाच होतो.

१५ नोव्हेंबर
वहिनीचा निरोप. टॅक्सी नको, हे भावजींच्याच गाडीने येतील. ती सामान घेऊन, न्यायला आलेल्या लेकीबरोबर रिक्षाने पुढे जाणार, दादा एकटा माझ्यासोबत. डॉक्टरांकडे पुन्हा जायचं होतं ते रद्द. दादा अगदी बरा आहे म्हणे.
बायको दिवसभर माझ्याशी फार गोड वागली. हे लक्षण चांगलं नाही.

१६ नोव्हेंबर, दुपार १.३०
क्रमाने लिहितो.
दादा पुढे बसला. मांडीवर रेडिओ. पहिल्या सिग्नलला थांबलो तेव्हा बटण दाबलं. मसुदा सहावा, अंतिम. स्टिरिओ म्हणाला, 'दादा.' दादाच्या मांडीवरचा रेडिओ म्हणाला, 'दादा.'
मी स्टिरिओकडे पाहिलं. मग मांडीकडे. 'काळाच्या ओघात,' दोघंही म्हणाले.
हवेत सोडतो. दहा पावलं. भूत. चपला. सगळं एकदम कळलं.
दादाने आधी रेडिओ बंद केला, मग हात लांब करून स्टिरिओ. सहा वर्षांनी तो माझ्याशी बोलला.
"चार दिवस मला वाटलं, माझं डोकं गेलं. हिने रडून रडून लेकीला बोलावून घेतलं. मग त्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं."
मी समोर बघत होतो. सिग्नल लालच होता.
"परवाचं ऐकलं," तो म्हणाला. "सहा वर्षं तेवढंच ऐकायचं होतं रे मला, पंडित. व्हायोलिन गेलं ते गेलं. आता एकदा तोंडाने म्हण."
चार शब्द होते. दादा, टेप मी पुसली. तोंड उघडलं. जीभ टाळूला. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी गाडी काढली. पुढे सतरा मिनिटं होती. सतरा मिनिटं रस्त्यावर खूप लक्ष द्यावं लागलं.
स्टेशनवर दादा थोडा वेळ उतरला नाही. दार उघडून एक पाय बाहेर ठेवून बसला. मी म्हटलं, "डबा पुढे लागतो, घाई कर." त्याने रेडिओ सीटवर ठेवला, तुझ्याकडेच राहू दे म्हणाला, आणि गेला. डबा मागे लागला होता.

१७ नोव्हेंबर, सकाळ ८.०५
तळमजल्याची खिडकी आतून बंद. खुर्च्या नेल्या.
गाडीत बसलो. प्लेयर लावला आणि न अडखळता म्हटलं, दादा, टेप मी पुसली. एकदाही चाचरलो नाही. लगेच वाजवलं. उच्चार स्पष्ट. आवाजाला खोली नाही.
दादाचा रेडिओ आता दोन जिने वर, आमच्या स्वयंपाकघरात आहे. बायकोला म्हटलं, त्याच स्टेशनवर लाव, खिडकीशी उभी राहा आणि ऐकू येतं का सांग. खाली येऊन पुन्हा वाजवलं. तीनदा.
ती वरून म्हणाली, बातम्या चालल्यात.