खाली गेलं की थांबतं

भाऊजी,

त्या सकाळी मी चादरी पिळत होते, पण खांदा दुखत असल्यामुळे तुमच्या दादांना दुसरं टोक धरवेना. आदल्या दिवशी पाणबुड्याचं काम करताना ते खोल पाण्यातून घाईने वर आले होते. "खाली गेलं की थांबतं गं दुखणं," म्हणत त्यांनी पुन्हा बुडी मारली. दुखणं थांबलंही, वर आल्यावर मात्र ते गेले. घाईने वर आलं की रक्तात बुडबुडे होतात आणि दवाखान्यातल्या दाबाच्या खोलीत ते सावकाश जिरवतात, हे मी नंतर वाचलं.

आज फोनवर, कालच्या बुडीनंतर तुमचाही खांदा दुखतोय म्हणालात. दवाखान्याचं काढलं, तर हसलात. "पुस्तकं वाचून डॉक्टर झालात की काय, वहिनी? उद्या बुडी मारली की खांदा मोकळा!" तेव्हापासून मी येरझाऱ्या घालतेय. उतरू नका.

तुमची वहिनी

पत्र वेळेत पोचणार नव्हतं, म्हणून टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर येऊन तुमच्या पाण्यात उतरायच्या पोशाखावर बसले, आणि तुम्ही दवाखान्याच्या गाडीत चढल्यावरच उठले.