दांडगोबाची माफी, सहाच्या ठोक्याला

शनिवार, सकाळ

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (नमस्कार लेखीच समज. हल्ली मी प्रत्यक्ष वाकलो की दांडगोबा पाठीवर पुढचे दोन्ही पाय ठेवतो आणि मग सरळ होण्यासाठी त्याची परवानगी लागते.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला, की अजून फक्त तू बोलायला लागलीस की येतो? माझं बरं चाललंय. भूक लागते, झोप लागते, चष्मा सापडतो.

तुझं पत्र मिळालं. ‘कुत्रा सुधारला की नाही ते एका ओळीत कळव, पाल्हाळ लावू नकोस, सुधारला नसेल तर महिनाअखेरीस इकडे शेतावर पाठवून दे’ असं तू लिहिलं आहेस. एका ओळीतलं उत्तर असं, की कुत्रा सुधारला. पण ज्या माणसानं बत्तीस वर्षं दुकानादुकानांतून वजनंमापं तपासली, त्याला तपासणी कशी केली हे न लिहिता नुसता निकाल लिहिता येत नाही. तेव्हा पुढचं पत्र भाऊजींना खोकला नसेल अशा वेळी वाचून दाखव.

दांडगोबा ओंजळीत मावत होता तेव्हा तुझ्या नातीनं त्याचं हे नाव ठेवलं. ही गेली त्या वर्षी तू तो माझ्याकडे पाठवलास, घरात काहीतरी हलतं असावं म्हणून. ते हलतं आहे. आज त्याचं वजन एकतीस किलो चारशे ग्रॅम आहे (मी स्वतः केलं, दोनदा), आणि ते सगळं तो ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवतो. अनोळखी माणसाच्या खांद्यावर ठेवून त्याला ओळखीचा करून घेतो. त्यात त्याचा वाईट हेतू नसतो, पण जिन्यात उताणा पडलेल्या माणसाला हेतू दिसत नाही. अशा वेळी इतर मालक लांबूनच ओरडतात, ‘घाबरू नका हो, तो काही करत नाही!’ हे वाक्य माझ्या तोंडून कधी आलं नाही. मी दुकानात शिरलो की प्रत्येक दुकानदार मला हेच सांगायचा, ‘साहेब, आमचा काटा असलं काही करत नाही.’ मग पारडं उलटं केलं की खाली मेणाचा गोळा चिकटवलेला. काटा ज्याचा, जबाबदारी त्याची. कुत्र्यालाही मी हाच नियम लावला.

पहिला प्रसंग पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांवर आला. ते एका पेशंटच्या जबड्याचा पांढरा साचा तळहातावर घेऊन जिना उतरत होते. तो आपल्यासाठीच आणलाय असा दांडगोबाचा समज झाला. डॉक्टर भिंतीला टेकले, आणि साचा माझ्या घरी सोफ्यामागे गेला. मी तो सोडवून घेतला तेव्हा खालच्या जबड्यात दोन दात जास्तीचे उमटले होते. (पेशंटला पुन्हा बोलवावं लागलं. पहिली लेखी तक्रार त्याचीच.) मी दांडगोबाला आंघोळ घातली, स्वतः ऑफिसचा जुना कोट चढवला आणि बरोबर सहा वाजता, नाक मुठीत धरून, दोघं डॉक्टरांच्या दारात उभे राहिलो. माफीचं भाषण मी पाठ केलं होतं. ते अर्धं झालं असेल नसेल, डॉक्टर म्हणाले, ‘अहो, बसा ना.’ ताई, नोकरीत मी ज्या ज्या दुकानात पाऊल टाकलं तिथं माणसं ताडकन उठून उभी राहिली, पण बसा असं कुणी म्हणालं नाही. मी बसलो. दांडगोबाला बिस्किट मिळालं, मला चहा. डॉक्टरांनी कपाटातले साचे एकेक करून दाखवले, आणि एका परक्या माणसाच्या अक्कलदाढेबद्दल मी इतक्या आवडीनं ऐकू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. घरी आलो तेव्हा सव्वासात झाले होते. एवढा वेळ कुणाशी बोललो त्याला किती दिवस झाले होते ते मला सांगता आलं नसतं. शेजारपाजार हे खातं पहिल्यापासून हिच्याकडे होतं. मी सगळ्यांना फक्त दारावरच्या पाट्यांनी ओळखत होतो.

मग मी नियमच करून टाकला. दांडगोबा ज्याच्या अंगावर जाईल त्याच्या दारात त्याच दिवशी सहाच्या ठोक्याला दोघांनी हजर व्हायचं. तिसऱ्या मजल्यावर, बरोबर माझ्या डोक्यावर, निवृत्त नर्सबाई राहतात. त्या गच्चीतून उन्हात टाकलेली उशी घेऊन येत होत्या, दांडगोबानं त्या दोघींना एकदम मिठी मारली, आणि उशीतला कापूस तळमजल्यापर्यंत उतरला. संध्याकाळी नर्सबाईंनी मला दहा मिनिटं उभं करून झाडलं. बोलता बोलता माझा चेहरा लाल झालेला दिसला म्हणून खुर्चीत बसवून रक्तदाब घेतला. यंत्रावर तपासणीचा शिक्का नव्हता, पण मी काही बोललो नाही. (बोललो. त्यावरून जे झालं त्यानंतर दाब दुसऱ्यांदा घ्यावा लागला.) त्यांची बिस्किटं लोण्याची असतात आणि त्या डबा झाकून ठेवत नाहीत. इमारतीच्या सेक्रेटरींचं उलट. त्यांचा मफलर दांडगोबानं ओढला तेव्हा त्यांनी आमची माफी उंबऱ्यातच, उभ्या उभ्या स्वीकारली आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून दांडगोबा त्यांच्या बाजूनं असा जातो जसं काही तिथं कुणी नाहीच. एकदा तर सेक्रेटरी मुद्दाम दोन पावलं पुढं येऊन थांबले होते. तरीही गेला. मला वाटतं त्यांना ते लागलं.

यावरून मी जो निष्कर्ष काढला तो तुला गेल्या पत्रात कळवला होता, की कुत्रा डोक्यानं चालतो. सकाळी धक्का दिला की संध्याकाळी बिस्किट, हे त्यानं हेरलं आहे आणि तो घरं निवडून माणसं पाडतो. पहिल्या महिन्यात दोन प्रसंग झाले, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात अकरा, आणि त्या अकरांपैकी सात नर्सबाईंच्या वाट्याला आले. दोष लोण्याच्या बिस्किटांचा, असं मी नर्सबाईंना तोंडावर सांगितलं. त्यांनी डबा आणखी जवळ सरकवला. अशा वातावरणात कुत्रा सुधारणार कसा?

दुसरी लेखी तक्रार खुद्द सेक्रेटरींची. त्यांनी सूचनाफलकावर ‘आपापले कुत्रे आवरा’ अशी सूचना लावली होती, ती दांडगोबानं खाल्ली. त्यावर ठराव झाला की आणखी एक लेखी तक्रार आली की कुत्रा इमारतीबाहेर. हे मी तुला कळवलं आणि तू ताबडतोब जावईबापूंच्या ओळखीतला ट्रेनर धाडलास. भला माणूस. पूर्वी पोलिसांच्या कुत्र्यांना शिकवायचा. बोलणं कमी, मिशा भरपूर. चार दिवस सकाळी तो नुसता जिन्यात उभा राहिला. माझी तक्रार अशी, की तो कुत्र्याकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता. त्याच्या हातात पट्टा असला की दांडगोबा एखाद्या कारकुनासारखा खालमानेनं चालायचा. पाचव्या दिवशी त्यानं मला बाजूला घेतलं.

‘काका, कुत्र्याला सकाळचं संध्याकाळी आठवत नसतं,’ तो म्हणाला. ‘बिस्किटाचं सोडा. नर्सबाई जिन्यात दिसल्या की तुमचा हात सैल पडतो. कुत्र्याला वाटतं, मालकानं जा म्हणून सांगितलं.’

मी साफ नाकारलं. तेव्हा त्यानं माझीच टेप मागून घेतली आणि माझ्या देखत मापं काढली. डॉक्टर दिसले की पट्टा चौदा सेंटिमीटर सुटतो. नर्सबाई दिसल्या की बावीस. सेक्रेटरी दिसले की आठ सेंटिमीटर आखडतो. टेपवर शिक्का होता, मीच मारून घेतलेला, त्यामुळे बोलायला जागा उरली नाही. बत्तीस वर्षं लोकांच्या पारड्याखालचं मेण खरवडलं, आणि माझ्या स्वतःच्या हाताखाली ते केव्हापासून चिकटलं होतं कोण जाणे. मी त्या माणसाशी दोन दिवस बोललो नाही.

पुढचं शिक्षण माझंच झालं. पट्ट्याला गाठ मारून दिली, ती मुठीत धरायची, कुणी समोर आलं की थांबायचं, कुत्र्याला बसवायचं, माणूस जाऊ द्यायचं, मग आपण. आठवड्यात जमलं. तीन आठवडे झाले, एकालाही धक्का नाही. दांडगोबा जिन्यात बसून राहतो, लोक ‘वा, शहाणा झाला हो!’ म्हणतात आणि जातात. सगळे जातात. सहा वाजले की दांडगोबा कोटाच्या खुंटीखाली जाऊन बसतो आणि मी त्याला सांगतो, आज काही काम नाही. मग आम्ही दोघं दाराकडे बघतो. ताई, लपवून काय करू, मला करमत नाही.

असो. कुत्रा सुधारला. त्याला शेतावर पाठवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. भाऊजींना नमस्कार, नातीला गोड पापा, जावईबापूंना सांग की त्यांचा माणूस कामात चोख आहे, जरा जास्तच.

तुझा,
धाकटा

ता. क. – पाकीट चिकटवण्याआधी एक गोष्ट लिहायला हवी, कारण ती जावईबापूंकडून तुझ्या कानावर येईलच. तिसरी लेखी तक्रार परवा आली. नर्सबाईंच्या दाराबाहेरची कुंडी फुटली. सेक्रेटरी नेमके त्याच वेळी जिना चढत होते. कुणी फोडली असं त्यांनी विचारलं, आणि मी दांडगोबाचं नाव सांगितलं. ठरावाप्रमाणे त्याला महिनाअखेर जावं लागेल. आता खरं काय ते. दांडगोबा तेव्हा खाली माझ्या गॅलरीत झोपला होता. मी एकटाच वर गेलो होतो, तिथं माझं काहीच काम नव्हतं. इकडेतिकडे पाहिलं आणि कोपर लावलं. सहा वाजता कोट घालून, निष्पाप कुत्र्याला बरोबर घेऊन माफी मागायला गेलो. नर्सबाईंनी सगळं भाषण ऐकून घेतलं, त्याला बिस्किट दिलं आणि म्हणाल्या, ‘आवाज आला तेव्हा मी खिडकीतून खालीच बघत होते. हा तुमच्या गॅलरीत घोरत होता.’ मग यंत्र काढलं. दाब वाढलेला होता. विनंती अशी, की तू त्याला शेतावर ठेवून घ्यायला साफ नकार दे, म्हणजे मला सेक्रेटरींपुढे हात वर करता येतील.

ता. क. दुसरा (सोमवार) – नकार देऊ नकोस, गरज नाही. काल दिवसभर दांडगोबा माझ्याकडे नेहमीसारखाच बघत होता. त्याला काहीच माहीत नाही, हे मला सोसेना. आज सकाळी सेक्रेटरींना लेखी जबाब दिला: ‘कुंडी मालकाने फोडली. कुत्रा घटनास्थळी हजर नव्हता.’ त्यांनी तो दोनदा वाचला आणि कारणाची जागा रिकामी आहे म्हणून परत दिला. मी लिहिलं, ‘नर्सबाईंच्या घरी जायला दुसरं निमित्त उरलं नव्हतं.’ तक्रार रद्द झाली, कुत्रा राहिला. जबाब मात्र नियमाप्रमाणे फलकावर लागला, कुत्र्याचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर. अख्ख्या इमारतीनं वाचला. या वयात चारचौघांत अशी शोभा व्हायची होती. दुपारी जिन्यात डॉक्टर भेटले, त्यांनी खांद्यावर हात ठेवला. नर्सबाई वरून म्हणाल्या, ‘कुंडी न फोडताही येता येतं. नुसती बेल वाजवायची असते.’ आणि मग, ‘आता आमची पाळी. रविवारी सहाला आम्ही तुमच्याकडे येतो.’ आम्ही म्हणजे त्या आणि डॉक्टर. थोड्या वेळानं सेक्रेटरी आले आणि फलकाकडे बघत म्हणाले, त्यांनाही रविवारी वेळ आहे.

ता. क. तिसरा – मुख्य काम राहिलंच. रविवारी मला धरून चार माणसं होतात, आणि ही असताना मी चहा कधी केला नाही. आता एकट्यापुरता करतो, तो कधी जमतो, कधी फेकतो. चौघांना पाणी किती, दूध किती, पत्ती आणि साखर किती, हे मिलिलिटर आणि ग्रॅममध्ये उलट टपाली कळव. ‘अंदाजानं घाल’ असं मात्र लिहू नकोस. हीसुद्धा तेच म्हणायची, आणि अंदाजानं म्हणजे किती, ते तिला विचारायचं राहून गेलं.