दोघांत एक फडकं

पिंपळे गुरव,
रविवार सकाळ

प्रिय मैत्री,

तुझा मेसेज येऊन चार दिवस झाले आणि मी त्यावर नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवून गप्प बसलो, म्हणून रागावू नकोस. तू लिहिलंस, 'काका, चाकणच्या रानात यंदा मेथी-कोथिंबीर लावतेय. तुमच्या पार्किंगमधला टिलर न्यायला पुढच्या रविवारी येऊ का? पण पप्पांना मशीनला हात लावू देणार नाही, एकदा निष्काळजीपणा करून झालाय त्यांचा.' पहिल्या दोन वाक्यांनी इतका आनंद झाला, की तुझ्या कस्तुरा काकूला स्वयंपाकघरातून बोलावून मी ती मोठ्याने वाचून दाखवली. तिसरं मात्र मनातच वाचलं. तेव्हापासून टिलर द्यावा की नाही, हेच ठरत नाही. फोनवर बोलायला गेलो तर मी हवापाण्यावर घसरतो, म्हणून हे पत्र.

आधी मशीनचं सांगतो. सात वर्षं ते मातीत गेलेलं नाही, तरी ठणठणीत आहे. दर दोन महिन्यांनी मी ते पाच मिनिटं सुरू ठेवतो आणि नंतर टाकीतलं पेट्रोल काढून घेतो. जुनं पेट्रोल आत राहिलं की कार्बोरेटर चिकटतो, मग बसा स्टार्टरची दोरी ओढत. खालच्या मजल्यावरच्या शालनबाई दर वेळी खिडकी धाडकन लावून घेतात. परवा म्हणाल्या, 'भाऊ, या म्हाताऱ्या बैलाला विकून टाका ना आता!' मी म्हटलं, बैल माझ्या एकट्याचा नाही.

नाहीच तो. तुझ्या पप्पांनी, म्हणजे माझ्या भिमाजीने, आणि मी कंपनीतून एकाच दिवशी व्हीआरएस घेतली आणि महिन्याभरात दोघांत मिळून टिलर घेतला. अठ्ठावीस वर्षं मेंटेनन्सला एकत्र काढलेली माणसं आम्ही, पहिल्या दिवशी मशीन रानात न्यायच्या आधी निम्मं खोलून पाहिलं. तुमच्या त्या दहा गुंठ्यांच्या तिन्ही बाजूंनी तेव्हाच कंपन्यांच्या भिंती उठल्या होत्या. पलीकडे ट्रकच्या रांगा आणि अलीकडे आम्ही दोघे, पायात कंपनीचेच जुने सेफ्टी शूज. मी मूठ इतकी घट्ट धरायचो की मशीन मलाच ओढत न्यायचं. भिमाजी मागून ओरडायचा, 'आरं दाबू नगं त्येला, चालू दे त्येच्या चालीनं!' त्याच्या हातात मशीन शहाण्यासारखं वागायचं. पहिल्या फेरीला माती वरवर सैल करायची आणि दुसऱ्या फेरीला खोल जायचं, हे त्यानेच मला शिकवलं. दुपारी बांधावर तुझ्या आईने दिलेली भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा, आणि दुसरी शिफ्ट सुटल्यावर कँटीनमध्ये कोणी किती जिलब्या चापल्या होत्या याच्या त्याच त्या गोष्टी. तेवढं सुख मला नंतर कशातच लागलं नाही.

तू सुरू करशील तेव्हा आधी मशीन सपाट जागी उभं करून तेलाची काठी काढून पातळी पाहा. हवेच्या फिल्टरचा स्पंज धुळीने भरला की धू आणि पूर्ण वाळल्यावरच बसव. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नकोस. ओढणी घरी ठेव. भिंतीकडे पाठ करून मशीन मागे घेऊ नकोस, ते अंगावर येतं. क्लच सोडला की पाती थांबतात का, हे रोज सुरुवातीला पाहायचं. क्लचची वायर थोडी सैल हवी. फार ताणली तर मूठ न दाबताच पाती फिरू लागतात. हे वाक्य दोनदा वाच.

आणि पात्यांना हात लावण्याआधी इंजिन बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढायची, मग कितीही घाई असो. कंपनीत आमचा याहून कडक नियम होता. दुरुस्तीला घेतलेल्या मशीनच्या स्विचला प्रत्येक फिटर आपापलं कुलूप लावायचा आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायचा. चार माणसं काम करत असतील तर चार कुलपं. शेवटच्या माणसाचं कुलूप निघेपर्यंत मशीन सुरूच होत नसे. टिलरला कुठलं कुलूप लावणार? आम्ही प्लगची टोपी काढून मुठीला लाल फडकं बांधायचं ठरवलं. फडकं आहे तोवर दोरीला हात लावायचा नाही. मी दोन फडकी नेली होती. भिमाजी हसला. 'दोन कशाला? तू आन मी काय येगळं हाय का?' मलाही ते फार आवडलं. दुसऱ्या फडक्याने मी चष्मा पुसायला लागलो.

मैत्री, त्या दिवशी पात्यांत कांद्याच्या गोणीची सुतळी अडकली होती. भिमाजी मागे बसून ती सोडवत होता आणि मी पुढे क्लचची वायर आवळत होतो. फडकं मीच बांधलेलं. माझं काम झालं, मी फडकं सोडलं, टोपी लावली आणि दोरी ओढली. त्याचं काम झालं का, हे मी विचारलं नाही. वायरही मी जास्त ताणली होती, त्यामुळे पाती लगेच फिरली. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं माझ्यामुळे गेली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, 'मीच हात घातला, ध्यान न्हवतं.' नंतर मला म्हणाला, 'तुजं नाव निघालं तर तू परत माज्या दारात यायचा न्हाईस. मला त्ये नगं.' तू तेव्हा बारावीला होतीस. त्याच्या शर्टाची बटणं लावून देताना तू रडत रडत त्याला बोललीस, 'लक्ष कुठे असतं तुमचं?' नंतरही किती वेळा बोललीस. तो मान खाली घालून ऐकायचा आणि मी समोर बसून तुझ्या हातचा चहा प्यायचो. सात वर्षं प्यायलो. मी भित्रा निघालो, पोरी. तुझ्या नजरेतून मी उतरू नये म्हणून मी माझ्या मित्राला उतरू दिलं. तुझे पप्पा निष्काळजी नव्हते, कधीच नव्हते. आता काय बोलायचं ते मला बोल, दार लावून घेतलंस तरी चालेल. मी लिहितोय हे त्यांना माहीत नाही. माझं ठरलं आहे, येत्या रविवारी तू एकटी आलीस तर टिलर देणार नाही. त्यांना घेऊन ये. दोरी त्यांनाच ओढू दे, डाव्या हाताने जमेल त्यांना. मी लांब उभा राहीन.

तुझाच,
ज्ञानदेव काका