चाकामागचा दगड

३ नोव्हेंबर २०२४
काल पाडव्याला नवी जीप घरी आणली. बाबांनी ओळखली! मला नाही — जीपला. दोन वर्षं झाली, मी त्यांच्यासाठी ‘ओ भाऊ’. पण कालच शोरूममधून निघालेल्या गाडीभोवती फेरी मारली, दाराच्या बाहेरच्या बिजागऱ्या चाचपल्या, गोल दिव्यांपाशी थांबले. म्हणाले, “सर्व्हिसिंग करून आनली का गा?” वनखात्यात एकतीस वर्षं जीप चालवलेला माणूस!

आई दारात उभी होती. तिच्याकडे बोट दाखवून मला विचारलं, “हे बाई कोन आहे?” रोजचंच. आई आत जाऊन भांडी घासत बसली.

६ नोव्हेंबर
संध्याकाळी बाबांना स्टिअरिंगवर बसवतो. तेवढाच वेळ घरात शांतता. एसी, स्क्रीन, मागचा कॅमेरा — ढुंकूनही पाहत नाहीत. जे हवं ते जुन्याच जागी सापडतं त्यांना. गिअरशेजारचा फोर-व्हीलचा दांडा, समोरची धरायची मूठ, उभी काच, चौकोनी बॉनेट. एवढ्या वर्षांत हाडं तीच ठेवली बनवणाऱ्यांनी. उपकारच झाले! आणि डावा पाय — आपोआप क्लच तळापर्यंत दाबतो. डोळे भरून आले माझे.

९ नोव्हेंबर
आज हट्ट — चाकामागे दगड लाव! सरकारी जीप आमच्या दारात, याच उतारावर उभी असायची. हँडब्रेक कधीच धरायचा नाही. रोज सकाळी इंजिन सुरू करून बाबा ओरडायचे, आई पदर खोचून धावायची, दगड काढायची. त्या आरोळीनेच मला जाग यायची. नव्या गाडीला दगड लागत नाही, पण सांगणार कुणाला? आईनेच परसातून एक शोधून आणला. “राहू दे. त्यायले बरं वाटते.”

११ नोव्हेंबर
चावी हातात नसली की बाबा चिडतात. आजपासून देतो. माझी बायको मयुरा भांडली — “काहून देऊन राहिले तुम्ही त्यायले चावी?” तिला सगळ्याचीच भीती! म्हटलं, अगं, क्लच पूर्ण दाबल्याशिवाय ही सुरूच होत नाही. बाबांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत, हे काय लक्षात राहणार?

१२ नोव्हेंबर
आई जेवताना एकदम मला म्हणाली, “त्यायनं एक डाव नावानं हाक मारली असती ना, इक्रम, तं मंग मले काही नको होतं.”

१९ नोव्हेंबर
लिहायलाच हवं.

चौदा तारीख. बाबांना गाडीत बसवून मी पाणी प्यायला आत आलो. दोन मिनिटं. इंजिनाचा आवाज. आणि मग बाबांचा — ठणठणीत, तेव्हासारखा. “गोपिका, दगड काढ वं!”

आई पोळी तव्यावर टाकून धावली. पदर खोचत. मी धावायला हवं होतं. मी ग्लास हातात धरून हसत उभा होतो. नाव घेतलं — नाव घेतलं!

ती आता सत्तरीची. वाकायला वेळ लागतो. बाबांनी पूर्वीइतकाच वेळ थांबून गाडी मागे घेतली. कॅमेरा चालू होता, बीप वाजत होता.

क्लच दाबणारा तो पाय मी रोज पाहत होतो.

२१ नोव्हेंबर
बाबा सकाळपासून फाटकाशी उभे. मला पाहून म्हणाले, “ओ भाऊ, आमची गोपिका दगड काढायले गेली होती. अजून काहून नाही आली?”