दरबारात बायका बसत नाहीत

५ मार्च, शनिवार. दुपारी चार वाजून दहा मिनिटं

चार वाजून दहा मिनिटांनी दाफिशाला मोहल्ल्याच्या दरबारातून, म्हणजे पंचायतीतून, बाहेर काढलं. मी फाटकाशीच उभी होते, घड्याळ बघितलं.

सतरा वर्षांची पोर. माझ्या धाकट्या बहिणीची नात. विचारायचं होतं एवढंच — ओढ्यात कचऱ्याच्या गाड्या कोण रिकाम्या करतं? प्रमुख फेस्टर, सगळ्यांचे 'बाह', म्हणजे दादा, उठले. "बाळ, इथं पुरुष बसतात." सगळे हसले. कुणीतरी तिच्या हातावर पान-सुपारी ठेवली, पाहुणीला वाटेला लावतात तशी!

मी बाहेरून ओरडले, "फेस्टर, तुझं घर कुणाच्या नावावर आहे?"

"बायकोच्या! म्हणूनच थोरल्या बहिणीला सांगतो, काँग. आपल्यात घर तुम्हा बायकांचं, आडनाव आईचं, पोरं तुमची. दरबारही घेतलात तर आम्ही बसायचं कुठं? खुराड्यात?"

पुन्हा हशा.

६ मार्च

चर्चमध्ये माझ्या बाकावर कुणी आलं नाही. दाफी बसली. पुष्कळ झालं.

८ मार्च

दाफीला हाकलल्याबद्दल दरबाराला पत्र दिलं. तक्रार कधी तोंडी करू नये, हे शाळेत सिस्टरांनी आम्हाला छडीनं शिकवलंय. उत्तर लेखीच हवं, असं खाली दोन रेघा ओढून लिहिलं. दाफी खांद्यावरून वाचत होती. "मेईराद, 'मूर्ख' खोड." आजीला हुकूम! खोडलं. "अडाणी" घातलं.

नवव्या वर्षी शाळेसाठी माझ्याकडे आली, तेव्हा निवडणूक होती. सगळ्या पक्षांच्या टोप्या एकावर एक घालून हिंडायची. मग आमदारांची नावं पाठ — साठच्या साठ, जेवताना, भात गार होईपर्यंत. चौदाव्या वर्षी खिडकीला काळं फडकं बांधलं. का, ते मला अजून कळलेलं नाही. गेल्या वर्षी तिच्या लेखी सगळे चोर होते. मला राजकारणाचा कंटाळा. पण टेबलाच्या पलीकडे कुणीतरी भांडतंय, हे बरं वाटायचं. भांडता यावं म्हणून मी पेपर वाचायला लागले.

१७ मार्च

उत्तर नाही. बाह फेस्टर बाजारात संत्री दाबून बघत होते. "काँग, पत्र पोचलं. अक्षर काय सुरेख हो तुमचं!"

माणूस आहे की गोगलगाय!

२३ मार्च

दाफी हल्ली विद्यार्थी संघटनेत जाते. बांतेई नावाचा पुढारी आहे, दाढी अजून नीट आलेली नाही. आज घरात येऊन बूटही न काढता म्हणाली, "पत्र मागं घे."

"का?"

"बाहेरचे लोक आपल्या जमिनीवर टपलेत. दरबार हीच आपली शेवटची भिंत. बांतेई म्हणतो, तू तिला सुरुंग लावतेस."

"आणि तुला हाकललं ते?"

"मी नको तिथं गेले होते."

मी म्हटलं, हे तुझं वाक्य नाही. म्हणाली, "तुझी तरी कुठं आहेत? सगळी नन्सची."

भांडायला हवं होतं. मी तिच्या बुटांचे ठसे पुसत बसले.

३० मार्च

दाफी तिच्या मावशीकडे राहायला गेली. दोन गल्ल्या पलीकडे. "अभ्यासाला बरं पडतं."

२ एप्रिल

बातम्यांना मोठ्यानं उत्तरं देते आहे. रेडिओ ऐकून घेत नाही. मासा निम्मा उरला.

९ एप्रिल, शनिवार

आज मीच दरबाराला गेले. चांगली शाल घेतली. मनात हिशेब सरळ — दाफी मला आत बसलेली बघेल, मग घरी येईल.

दारात दाफी! छातीवर संघटनेचा बिल्ला, हातात चहाचा ट्रे. ट्रे आडवा धरला.

"मेईराद, आत बायका बसत नाहीत."

"मग तू?"

"मी चहा देते."

आतून बाह फेस्टर म्हणाले, "येऊ दे गं तिला. म्हातारं माणूस, बसेल कोपऱ्यात."

"नाही, बाह. नियम सगळ्यांना सारखा."

ट्रे हलला नाही. आतले सगळे तिला ऐकत होते.

१० एप्रिल

दरबाराला दिलेली तक्रार मागं घेतली. नवी लिहिली — कुमारी दाफिशा हिला. काल मला कोणत्या नियमानं अडवलंस? नियम तुला पटतो का? स्वतःच्या शब्दांत लिही, बांतेईच्या नको. उत्तर लेखी, आणि स्वतः आणून द्यायचं. मुदत शनिवार, सोळा तारीख, संध्याकाळी सहा. सातला जेवण.